लख्ख घासलेले साचे

माघ उतरणीला लागला की कोल्हापुरातलं ऊन एका सकाळी अचानक वयात येतं. आदल्या दिवसापर्यंत अंगाला नुसतं लगटून बसणारं, गुऱ्हाळांच्या धुराने किंचित पिवळसर झालेलं ते ऊन दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवू देत नाही. तापलेली फरशी, दोरीवर सुकणारे कपडे आणि दूरवरून वाऱ्यावर येणारा काकवीचा गोड-करपट दरवळ या सगळ्यांचा मिळून एक गंध तयार होतो. माझ्यापुरता त्यात आणखी एक वास मिसळलेला असतो, काचेखाली संथपणे भाजत जाणाऱ्या पिठाचा. भट्टीतल्या पावाचा वास गल्लीच्या तोंडाशीच आपल्याला गाठतो. उन्हात भाजलेल्या पावाचा वास मात्र संकोची पाहुण्यासारखा उंबऱ्यापाशी थोडा थांबून मग आत येतो. तो आला की इतरांना भूक लागत असावी. मला मात्र इतक्या वर्षांनंतरही आधी छातीत एक बारीक कळ उठते, आणि ती कसली आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणत असे, कोल्हापुरातल्या एका बेकरीत बत्तीस वर्षं भट्टीवर होते. आई आणि मी कुरुंदवाडला, माझ्या आजोळी राहत होतो. बेकरीला सोमवारी सुट्टी असल्यामुळे रविवारी संध्याकाळच्या एसटीने आबा यायचे आणि त्यांच्या पिशवीत, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला, एक लांबट पाव असायचा. घरात आल्यावर ते माझ्याशी फारसं बोलत नसत. पिशवी माझ्या हातात देत आणि पाय धुवायला मागच्या दारी जात. मी पंच्याची गाठ सोडायचो आणि नाक खुपसून बसायचो. पंच्याला, पावाला आणि आबांच्या सदऱ्याला एकच वास यायचा, त्यामुळे वडील कुठे संपतात आणि पाव कुठे सुरू होतो हे त्या वयात मला नीटसं कळत नव्हतं. मंगळवारी पहाटे ते परत जायचे. उरलेला पाव मी शनिवारपर्यंत पुरवायचो, शेवटी शेवटी तो दगडासारखा व्हायचा, तरीही.

चौथीच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी मला एकदाच बेकरी दाखवायला नेलं. आतल्या खोलीत लाकडी काथवटीत मळलेल्या पिठाचा एक प्रचंड, मऊ, श्वास घेत असल्यासारखा गोळा पडला होता. मी काही विचार न करता दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात घातले. त्या ऊबदार मऊपणाचा स्पर्श अजून माझ्या त्वचेला आठवतो. आबांनी मला दंडाला धरून बाहेरच्या नळावर नेलं आणि माझे हात धुतले. एकेक बोट सुटं करून, बेचक्यांत अडकलेलं पीठ अंगठ्याने खरवडून, एक कणही उरणार नाही असे धुतले. "ह्ये हात वही-पुस्तकाला लावायचं," एवढंच म्हणाले आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून आत गेले. त्यानंतर बेकरीच्या आतल्या खोलीत मी कधीच गेलो नाही.

त्यांनी म्हटलं तसंच झालं. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. बी.एस्सी., बी.एड. झालो, कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो. निकालाच्या दिवशी आबांनी बेकरीत पेढे वाटले आणि त्या दिवसापासून मला नावाने हाक मारणं सोडून 'मास्तर' म्हणू लागले, अर्धं थट्टेने, अर्धं नमस्कार केल्यासारखं. मी जो काही आहे तो त्या भट्टीच्या धगीवर उभा आहे, हे मी एक दिवसही विसरलो नाही. पण कृतज्ञतेच्या शेजारच्याच खोलीत दुसरंही काही राहत असतं, आणि मधली भिंत आपण समजतो तितकी जाड नसते, हे मला फार उशिरा कळलं.

नव्वदीच्या उत्तरार्धात रंकाळ्याच्या पलीकडे नव्याने वसणाऱ्या भागात मी छोटं घर बांधलं, वर आम्ही आणि खाली भाडेकरू. आई तोवर गेली होती. भट्टीच्या धुराने आणि मैद्याच्या धुळीने आबांना दमा दिला होता, डॉक्टरांनी बेकरी सोडायला लावली आणि ते आमच्याकडे राहायला आले. पहाटे साडेतीनला उठण्याची सवय मात्र त्यांच्यासोबत आली. उठून काय करायचं हे माहीत नसलेला माणूस गच्चीत येरझाऱ्या घालायचा, आणि त्याच्या पावलांचा आवाज मला खाली ऐकू यायचा.

त्याच सुमाराला सरकारी सवलतीत मिळते म्हणून मी एक सूर्यचूल आणली होती. आतून काळा रंग दिलेली पत्र्याची पेटी, वर दुहेरी काच आणि ऊन आत वळवणारा आरसा. तिच्यासोबत चार काळे गोल डबे. माझी बायको सुमन त्यात वरण-भात लावी, आणि रविवारी मंद आचेवर मटण इतकं सुरेख शिजे की गल्लीतले लोक वाटी घेऊन येत. दर अर्ध्या-पाऊण तासाने पेटी सूर्याकडे फिरवायची, एवढंच काम.

खाली गिरिजाक्का राहायच्या. सीमेकडच्या लिंगायत घरातल्या, शिक्षण सातवीपर्यंत, नवरा कापडाच्या दुकानात कामाला, आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यांना सगळेच अव्वा म्हणत. अव्वांचे दात गेले होते, भाकरी गिळवत नव्हती, आणि डॉक्टरांनी दूध-पाव द्यायला सांगितलं होतं. पण बेकरीच्या पावात अंडं असतं या समजुतीने अव्वा तोंड मिटून घेत. त्यांना कितीही समजावलं तरी त्या कानडीत एकच वाक्य म्हणत आणि भिंतीकडे वळत.

एका सकाळी गिरिजाक्का गच्चीवर आल्या आणि पदर खोचून आबांना, कानडीत वडिलांना म्हणतात तसं, सरळ म्हणाल्या, "आप्पा, मला पाव करायला शिकवा."

इतकं साधं. मी जिन्यात उभा होतो. आबा हसून टाळतील, दम्याचं कारण सांगतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा सूर्यचुलीकडे.

"धूर न्हाय, लाकूड न्हाय," ते पुटपुटले. "बघू की. इस्तू वरनं आला काय आन् खालनं आला काय, पिठाला काय कळतंय!"

मी जिना उतरून खाली आलो. शाळेत जायची घाई आहे असं सुमनला सांगितलं. घाई नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आबा मागच्या दारी उकिडवे बसलेले. बेकरी सोडताना मालकाने दिलेले पाच पत्र्याचे साचे त्यांनी माळ्यावरून काढले होते. वर्षानुवर्षांचं तेल आणि धग पिऊन ते काळेकुळकुळीत झाले होते. सूर्यचुलीचे आमचे डबे मटणाचे, ते वापरण्याचा प्रश्नच नव्हता, पण या साच्यांतही कधीकाळी अंड्याचे केक निघाले होते आणि अव्वांच्या पोटात जायचं ते निर्मळ असलं पाहिजे, म्हणून आबांनी राख, चिंच आणि काथ्या घेऊन दिवसभर ते घासले. धाप लागायची, थांबायचे, पुन्हा घासायचे. मी पाहिलं तेव्हा पाचही साचे अंगणातल्या फरशीवर ओळीने पालथे घातलेले होते आणि मावळतीचं ऊन त्यांच्यावरून परतून माझ्या डोळ्यांत येत होतं. आरशासारखे लख्ख. आबांच्या चेहऱ्यावर तीच चकाकी होती.

आणि मला त्याच क्षणी कळलं की या साच्यांत पाव भाजला जाणार नाही.

हे कळायला पदवीही लागत नाही, नववीचं पुस्तक पुरतं. चकचकीत पृष्ठभाग उष्णता परतवून लावतो, काळा शोषून घेतो. म्हणून तर ती पेटी काळी, तिचे डबे काळे. भट्टीत चहूबाजूंनी धग असते, तिथे साचा कसाही असला तरी चालतं. या पेटीत उन्हाला धरून ठेवणारं काहीतरी हवं, आणि आबांनी नेमकं तेच दिवसभर घासून काढलं होतं, तेही कुणाच्या तरी सोवळ्याचा मान राखायला. एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. मग माझ्या मनात आलं, ते मला विचारतील. घरात विज्ञानाचा मास्तर आहे, ते एकदा तरी विचारतील. त्यांनी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. काकवी, ताक आणि गव्हाचं पीठ कालवून आबांनी मातीच्या बोळक्यात खमीर धरलं. चार-पाच दिवसांनी त्याला बुडबुडे आले तेव्हा नातू झाल्यासारखे ते मला बोळकं दाखवायला आले. मी "छान" म्हणालो आणि वह्या तपासत राहिलो. सकाळी सहाला गच्चीच्या दारामागून मला सगळं दिसायचं. गिरिजाक्का परातीपुढे, आबा उलट्या घातलेल्या बादलीवर.

"मनगटानं न्हाय गं. तळव्याची टाच लाव. ढकल, दुमड, फिरीव. हां. तुजं तू आपटू नगंस, त्ये काय धुणं हाय?"

"आप्पा, हात भरून आला की."

"भरू दे. माजा बत्तीस वर्सं भरलेला हाय."

मग आबांनी त्यांना कान धरायला सांगितला. पीठ मळून झालं की नाही हे कानाच्या पाळीवरून ओळखायचं, तेवढा मऊपणा आला की थांबायचं. गिरिजाक्कांनी पिठाच्या बोटांनी स्वतःची पाळी चाचपली, तिथे पांढरा ठिपका उमटला, आणि दोघंही हसत सुटले. आबा हसता हसता खोकले. मी पस्तिशीला आलेला, दोन मुलांना शिस्त लावणारा माणूस, दाराआड उभं राहून नकळत स्वतःच्या कानाची पाळी चाचपत होतो. तिथे काहीच उमटलं नाही. त्या सकाळी मला गिरिजाक्कांचा जो राग आला तसा आजवर कुणाचाही आलेला नाही. त्यांच्या बांगड्यांचा आवाज, त्यांचं 'आप्पा' म्हणणं, पिठाच्या गोळ्यावर थाप मारण्याची त्यांची पद्धत, सगळंच मला सलायचं. बत्तीस वर्षं भट्टीने भाजून काढलेलं ज्ञान त्या बाईंना एका वाक्यात मिळालं होतं. मला ते नळाखाली धुऊन टाकावं लागलं होतं.

पहिला पाव चार तास उन्हात राहून कच्चा निघाला. वरून कातडी धरलेली, आत लगदा. दुसऱ्या दिवशीही तेच. भट्टीचं दार हजारदा उघडून बघण्याची सवय असलेले आबा सारखं काचेला हात घालायचे आणि गिरिजाक्का त्यांच्यावर ओरडायच्या, "आप्पा, झाकण सोडा! त्यो पाव लाजतोय तुमच्या म्होरं." कच्चे पाव शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीला जायचे. "म्हशीनं एक तांब्या दूध वाढवलंय बगा," त्या सांगायच्या. "आनी पंधरा दिस शिकलो तर तीच बेकरी काढील." आबा हसायचे, पण रोज थोडं कमी. त्यांनी खमीर बदललं, पाणी कमी केलं, पीठ जास्त वेळ फुगत ठेवलं. साच्यांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, कारण ते रोज रात्री स्वतः घासत आणि त्या लख्खपणात त्यांना काहीच उणं दिसत नव्हतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझा नववीचा उष्णतेचा धडा आला. "उन्हाळ्यात पांढरे कपडे का घालावेत?" मी विचारलं. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं. काळा रंग उष्णता शोषतो, पांढरा परावर्तित करतो, हे मी फळ्यावर लिहिलं, त्याखाली रेघ ओढली. घरी येताना खडूने पांढरे झालेले हात सायकलच्या मुठीवर होते. पूर्ण रस्ताभर माझ्या कानात मुलांचा तो एकसुरी आवाज होता. घरी आलो, आबा गच्चीच्या कठड्याला टेकून बसले होते. मी सरळ आत जाऊन वह्या काढल्या.

असे तीन आठवडे गेले. माझ्या त्या मौनाला मी अनेक नावं दिली. वडीलधाऱ्यांना शिकवायचं नसतं. त्यांचं त्यांना सापडेल. अपयशातूनच माणूस शिकतो, हे तर मी वर्गात रोज सांगत होतो. खरं इतकंच होतं की प्रत्येक कच्च्या पावासोबत माझ्या आत काहीतरी नीट भाजून निघत होतं, आणि त्याची चव मला आवडत होती.

मग एका दुपारी आबा माझ्यापाशी येऊन बसले. सुट्टीचा दिवस होता. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर उपडे-उताणे करून धरले. भाजल्याच्या जुन्या खुणा, नखं झिजलेली.

"मास्तर," ते म्हणाले, "हात गेला माजा."

"थंडीमुळे असेल, आबा."

"थंडी कुठली? फरशी पोळतीया. हात गेला. त्या पोरीला उगंच नादी लावलं म्या. म्हातारी उपाशी पडलीया खाली."

ते हात त्यांनी मग मांडीवर ठेवले, एखादी वस्तू परत करावी तसे. ऊन त्या वेळी गच्चीच्या दारातून त्यांच्या पायापर्यंत आलं होतं. मला वाटलं आता बोलावं. पण मी बोललो असतो तर 'मग आधी का सांगितलं नाहीस' हा पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणालो, चहा घेता का. ते नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एका भाचीच्या साखरपुड्यासाठी कुरुंदवाडला गेले, दोन रात्रींसाठी. त्यांची एसटी सुटली आणि मी बसस्टँडवरून तसाच रंगाच्या दुकानात गेलो. वर्गातल्या फळ्याला देतात तो काळा, चमक नसलेला रंग घेतला. पाचही साच्यांना बाहेरून दोन हात दिले, आतला भाग लख्खच ठेवला, आणि दोन्ही दिवस ते रिकामे साचे सूर्यचुलीत तापवून रंगाचा वास उडवला. गिरिजाक्का दोनदा वर येऊन बघून गेल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आबा आले, गच्चीवर गेले आणि त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. "ह्ये कुणी केलं? कुणी केलं ह्ये?" घासून घासून त्यांनी जे काढलं होतं ते कुणीतरी पुन्हा फासलं होतं. मी वर गेलो आणि सांगितलं. ऊन, काच, काळा रंग, परावर्तन. सुरुवातीला अडखळत, मग वर्गात सांगतो तसं. आबांनी बादली ओढली आणि बसून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यासमोर खाली बसले होते आणि मी उभा राहून त्यांना काही शिकवत होतो. या क्षणाची मी तीन आठवडे वाट पाहिली होती. तो क्षण मिळाला, आणि त्याची मला लाज वाटत होती.

बोलणं संपल्यावर त्यांनी एक साचा हातात घेऊन फिरवला. मग अगदी सहज विचारलं, "ह्ये तुला कवापासनं ठावं हुतं?"

"काल वाचलं," मी म्हणालो. "एका पुस्तकात."

"असं व्हय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पाव निघाला. फिकट, भट्टीच्या पावासारखा तांबूस नव्हे, पण उचलून बुडावर बोटाने टकटक केलं की मडक्यासारखा पोकळ आवाज देणारा. आबांनी तो कानाशी धरून ऐकला आणि तसेच डोळे मिटून उभे राहिले. "आजारी पोरागत दिसतोय," ते म्हणाले, "पर जिता हाय." पहिला तुकडा अव्वांकडे गेला. अव्वांनी तो दुधात बुडवून खाल्ला, आणखी मागितला. गिरिजाक्का जिन्यात बसून पदराने डोळे पुसत होत्या. आणि आबा, ज्यांनी जन्मात कधी माझं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी गल्लीत घरोघर पावाचा एकेक तुकडा घेऊन गेले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य सांगितलं, "आमच्या मास्तरानं शोध लावला. पुस्तकं वाचून." पुढे कित्येक वर्षं, कुणीही पाहुणा आला की त्याला गच्चीवर नेऊन ते काळे साचे दाखवत आणि हेच सांगत. मी शेजारी उभा असे. त्या वाक्याची मला कधीच सवय झाली नाही.

त्यानंतर दर वर्षी हिवाळ्यापासून वळवाच्या पावसापर्यंत आमच्या गच्चीवर पाव होत राहिला. पीठ गिरिजाक्का मळत, आबा बादलीवर बसून सूचना देत, आणि सुट्टीच्या दिवशी पेटी सूर्याकडे फिरवण्याचं काम माझ्याकडे असे. "मास्तर, ऊन सरकलं," अशी हाक आली की मी जाऊन पेटी हातभर फिरवायचो आणि परत माझ्या वह्यांकडे यायचो. पिठाला माझा हात कधी लागला नाही. तो लागावा असं मी कधी म्हणालो नाही, आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही. माझी असूया तोवर जुनी, मुरलेली झाली होती. घरातल्या एखाद्या जड कपाटासारखी तिला वळसा घालून मी चालायला शिकलो होतो. अव्वा आणखी तीन वर्षं जगल्या. मग गिरिजाक्कांनी राधानगरी रस्त्याला स्वतःचं घर बांधलं, त्या गेल्या, आणि खमिराचं बोळकं त्यांच्यासोबत गेलं. आबा एका भर पावसाळ्यात गेले, पेटीवर ताडपत्री घातलेली असताना.

त्यानंतरच्या माघात, एका रविवारी सकाळी, गिरिजाक्का अचानक दारात उभ्या. हातात एका साच्याएवढं मळून आणलेलं पीठ, आणि ओल्या फडक्याने झाकलेली वाटी. त्यांच्या नव्या घरावर आंब्याची सावली पडते, ऊन मिळत नाही, म्हणाल्या. आम्ही गच्चीवर गेलो. मी ताडपत्री काढली, आरसा पुसला. त्यांचं पीठ काळ्या साच्यात घालून आत ठेवलं, काच लावली, आणि आम्ही दोघंही कठड्याला टेकून बसलो. आबांची बादली तिथेच होती. तिच्यावर कुणीच बसलं नाही.

पेटी एकदा फिरवून झाल्यावर मी म्हणालो, "अक्का, त्या साच्यांचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर पन्हाळ्याच्या बाजूला पाहत राहिल्या.

"तीन आठवडं," त्या म्हणाल्या, "अव्वाला मी भाकरी कुस्करून, गाळून चारत हुते. रडत हुती म्हातारी."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काचेच्या आतल्या बाजूला वाफेचे बारीक थेंब धरायला लागले होते.

"आप्पाला ठावं हुतं का?"

"नाही. म्हणजे... मला माहीत नाही."

त्या थोडं हसल्या, माझ्यासाठी नव्हे, आपल्याशीच. "मला तुमचा लई राग यायचा, सर, सांगू का? आप्पा मळायला शिकवायचं कमी आनी तुमच्या गोष्टी सांगायचं जास्त. मास्तर असं बोलतोय, मास्तराचं अक्षर असं हाय. मी म्हणायची, आप्पा, पीठ बगा, पीठ! माजा बाप मला शाळंतनं काढून घरी बसवला. मला वाटायचं, ह्या माणसाच्या पोटी जन्मले असते तर."

मी पंधरा वर्षं ज्या दाराआड उभा राहून आत बघत होतो, त्या दाराच्या दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी तसंच उभं होतं. मला त्या वेळी हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अव्वांचं रडणं मधे होतं.

गिरिजाक्कांनी ओल्या फडक्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. आत खमिराचा गोळा होता, त्याच बोळक्यातला, वर्षानुवर्षं रोज थोडा उरवून पुढे आणलेला. आंबट, काकवीचा, आबांच्या पंच्यासारखा वास आला. "परात आना," त्या म्हणाल्या. "मळा. मी बसते हितं."

मी परात आणली, पीठ आणलं आणि हात धुवायला गच्चीतल्या नळाशी गेलो. नखांच्या कडेला आदल्या दिवशीचा खडू होता. मी एकेक बोट सुटं करून, बेचक्यांतून अंगठा फिरवत हात धुऊ लागलो, आणि मधेच थांबलो. असं धुवायला मला कुणी शिकवलं होतं ते आठवलं. त्या दिवशी बेकरीबाहेरच्या नळावर आबांनी माझे हात किती वेळ धरले होते! पीठ तर केव्हाच निघालं होतं. त्यानंतर इतका वेळ त्यांनी माझा हात कधीच हातात घेतला नाही. मला आठवत होतं ते फक्त त्यांनी मला बाकावर बसवून आत जाणं.

नळ बंद करून मी परातीपुढे बसलो. पिठात हात घातले. ते चिकट होतं, गार होतं, बोटांना धरून ठेवत होतं. कसं ढकलायचं, कसं दुमडायचं, ते मी दाराआडून शेकडो वेळा पाहिलेलं असूनही हाताला काही येत नव्हतं. गिरिजाक्का म्हणाल्या, "टाच लावा, सर, तळव्याची." मी टाच लावली.

ऊन सरकलं होतं. आरशातली तिरीप पेटीची कड सोडून फरशीवर उतरली होती. सवयीने मी उठायला गेलो, पण दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते. गिरिजाक्का उठल्या आणि त्यांनी पेटी हातभर फिरवली.